विश्लेषण : फोनमधल्या ‘खाजगी डीएनएस’कडे कुणाचे लक्षच नसेल, तर त्यावर विश्वास ठेवायचा का?

टॉवर पूर्ण, डेटा पॅक शिल्लक, वाय-फायही जोडलेले; तरी फोनवर एकही संकेतस्थळ उघडत नाही. वर एक छोटी सूचना दिसते, खाजगी डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नसल्याची. बहुतेकांना ही सूचना पहिल्यांदा दिसते तेव्हाच आपल्या फोनमध्ये असे काही आहे हे कळते. दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्याने ‘मामा, जाहिराती बंद करून देतो’ म्हणत सेटिंगमध्ये एक ओळ टाकलेली असते. कधी यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून ती आपणच टाकलेली असते. जाहिराती खरेच कमी होतात आणि ती ओळ विसरली जाते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अशी एक ओळ हजारो फोन-संगणकांवर निरुपयोगी झाली. ‘डीएनएस-झीरो डॉट ईयू’ ही फ्रान्समधील ना-नफा संस्थेची मोफत, एन्क्रिप्टेड डीएनएस सेवा बंद झाली. वेळ आणि साधने पाहता ती पुढे चालवणे जमण्यासारखे नाही, असे सांगून चालकांनी वापरकर्त्यांना दुसऱ्या सेवांकडे जायला सांगितले. निदान त्यांनी सांगितले तरी. खरी अडचण न सांगणाऱ्या सेवांची आहे. सर्व्हर सुरू असतो, पण तक्रारींना उत्तर येत नाही, याद्या जुन्या होतात आणि महिनोन् महिने एकही सुधारणा होत नाही. अशी सेवा चालू ठेवावी की सोडावी?

मुळात डीएनएस करते काय?

संभाजीनगरकरांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. महावीर चौक म्हटले तर बाहेरगावचा माणूस गोंधळेल, पण ‘बाबा पेट्रोल पंप’ म्हटले की रिक्षावाला नेमका तिथे सोडतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटचा असा रिक्षावाला. आपण नाव सांगतो, तो त्या नावामागचा आकड्यांचा पत्ता शोधून देतो. १९८३ मध्ये अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था आखली. तेव्हा इंटरनेट एवढे लहान होते, की विचारणा उघड्यावर जाण्यात कुणाला धोका वाटला नाही.

नाव आणि ठिकाण वेगळे असल्यामुळे एक बदलले तरी दुसरे तसेच राहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या रेल्वे स्थानकाचे नाव बदलले आणि ‘एडब्ल्यूबी’ हा कोड जाऊन ‘सीपीएसएन’ आला. फलाट जागेवरून हलला नाही, पण ज्याच्या हातात जुने वेळापत्रक होते त्याला शोधताना अडचण आली. डीएनएस सेवेच्या देखभालीचा प्रश्न म्हणजे अशा जुन्या वेळापत्रकाचा प्रश्न, फक्त हे वेळापत्रक दर मिनिटाला बदलत असते.

कुलूप वाटेला, मुक्कामाला नाही

नेहमीच्या डीएनएसमध्ये ‘अमुक संकेतस्थळ कुठे आहे’ ही विचारणा पोस्टकार्डासारखी जाते. मधला कुणीही ती वाचू शकतो आणि उत्तर बदलूही शकतो. त्यावर उपाय म्हणून मे २०१६ मध्ये ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ ही मानके आली. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्येच, ‘खाजगी डीएनएस’ हा पर्याय मिळाला.

शहराच्या पोटातून जाणारी नहर-ए-अंबरी आठवा. सतराव्या शतकात मलिक अंबरने जमिनीखालून बांधून आणलेल्या त्या बंदिस्त मार्गात वाटेत कुणी हात घालू नये अशी सोय होती. पण डोंगराकडच्या झऱ्यापाशी कोण बसले आहे आणि गाळ कोण काढतो, यावर शहराला मिळणारे पाणी ठरायचे. एन्क्रिप्शनचेही तेच. फोनपासून डीएनएस सर्व्हरपर्यंतची वाट बंदिस्त होते. पलीकडे मात्र तो सर्व्हर चालवणारा प्रत्येक विचारणा उघडी करून वाचतोच, कारण वाचल्याशिवाय त्याला उत्तर देता येणार नाही. म्हणजे मोबाइल कंपनीवरचा विश्वास काढून आपण तो दुसऱ्या कुणावर तरी ठेवतो.

आणि तोही पुरता झाकला जात नाही. संकेतस्थळाशी जोडणी होताना त्याचे नाव बहुतेक वेळा पुन्हा एकदा उघडपणे जाते. रिलायन्स जिओ संकेतस्थळे रोखण्यासाठी हेच नाव तपासते, असे बेंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’च्या अभ्यासकांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवून दिले होते. ‘खाजगी’ या शब्दाने जेवढा भरवसा वाटतो, तेवढा तो देत नाही.

सर्व्हर चालू असला म्हणजे झाले का?

नाही. डीएनएस सर्व्हर एकदा लावला की माणसाचा हात न लागता बराच काळ चालतो, म्हणून दुर्लक्ष पटकन दिसत नाही.

सर्वांत आधी बिघडते ते प्रमाणपत्र. एन्क्रिप्टेड सेवेला आपली ओळख पटवण्यासाठी डिजिटल प्रमाणपत्र लागते आणि त्याला मुदत असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची मोफत प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात. इतर प्रमाणपत्रांची कमाल मुदतही कमी होत आहे. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. नूतनीकरण आपोआप होण्याची सोय बिघडली आणि ती दुरुस्त करायला कुणी नसेल, तर एका ठरावीक मिनिटाला सेवा बंद पडते. अँड्रॉइडमध्ये सेवेचे नाव टाकून खाजगी डीएनएस लावला असेल, तर फोन साध्या डीएनएसकडे वळत नाही. तो थेट थांबतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच. पण रात्री अकरा वाजता घाटी रुग्णालयाच्या आवारात कुणाला तरी पैसे पाठवायचे असताना हे पटणे अवघड आहे.

सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचेही असेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘कीट्रॅप’ नावाची त्रुटी जाहीर केली. खास बनवलेले एकच उत्तर पाठवून डीएनएस सर्व्हर बराच वेळ अडकवून ठेवता येत होता. नामांकित डीएनएस सॉफ्टवेअरसाठी लगेच दुरुस्ती आली. ज्यांनी ती लावली त्यांचे प्रश्न सुटले. लावली की नाही, हे मात्र वापरणाऱ्याला बाहेरून कळत नाही.

याची एक मोठी परीक्षा तारखेसह ठरलेली आहे. डीएनएसमधील उत्तरे खरी आहेत का हे तपासणाऱ्या ‘डीएनएससेक’ व्यवस्थेच्या मुळाशी एक किल्ली असते. ती ११ ऑक्टोबर २०२६ रोजी बदलण्याचे ‘आयकॅन’चे नियोजन आहे. असा बदल आजवर एकदाच झाला, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी. तोसुद्धा ठरला होता एक वर्ष आधी. पण अनेक सर्व्हरनी नवी किल्ली घेतलीच नसल्याचे दिसल्यावर पुढे ढकलावा लागला. नवी किल्ली जानेवारी २०२५ पासून उपलब्ध आहे आणि नीट चालणारी यंत्रणा ती आपोआप घेते. वर्षानुवर्षे हात न लावलेली यंत्रणा घेईलच असे नाही, आणि न घेतल्यास तिला सगळीच उत्तरे खोटी वाटू लागतील.

बँकेचे नवे नाव आणि जुनी यादी

घरात सर्वाधिक जाणवणारा परिणाम फिल्टरचा. जाहिराती, फसवी संकेतस्थळे, मुलांसाठी नको असलेला मजकूर रोखणाऱ्या सेवा मोठमोठ्या याद्यांवर चालतात. फसवणुकीची संकेतस्थळे काही तासांसाठी उभी राहतात आणि गुंडाळली जातात. कालची यादी आज अर्धवट असते. सहा महिन्यांपूर्वीची यादी म्हणजे रखवालदाराच्या हातात गेल्या वर्षीच्या चोरांचे फोटो.

उलट बाजूही आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर येण्याचे आदेश दिले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठेवली. फसव्या बँक-संकेतस्थळांपासून ग्राहकांचे रक्षण हा त्यामागचा हेतू. हे डोमेन फक्त बँकांना मिळते आणि त्याची नोंदणी हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’कडूनच होते. आता अनेक डीएनएस सेवांमध्ये ‘नव्याने नोंदवलेली डोमेन रोखा’ असा पर्याय असतो, कारण फसवे लोक ताजी डोमेन वापरतात. चांगला पर्याय आहे. पण यादी नीट सांभाळली जात नसेल, तर जे डोमेन ग्राहकाच्या सुरक्षेसाठी आले तेच रोखले जाऊ शकते. शहरात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा खेड्यातला ग्राहक असो की राष्ट्रीयीकृत बँकेचा, त्याला एवढेच दिसेल की बँकेचे पान उघडत नाही. मग तो ‘कस्टमर केअर’ गुगलवर शोधेल. सायबर पोलिसांकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी तिथून सुरू होतात.

चुकून रोखलेले नाव सोडवण्यासाठी सेवेकडे कळवावे लागते. तिकडून उत्तर देणारे कुणी नसेल तर प्रश्न तिथेच राहतो. म्हणून ‘सपोर्ट उत्तर देतो का’ हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी फिल्टर वापरणाऱ्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट गृहीत धरली जाते. नेक्स्टडीएनएस या लोकप्रिय सेवेच्या मोफत योजनेत महिन्याला ३ लाख विचारणांची मर्यादा आहे. ती ओलांडली की नावे शोधणे सुरू राहते, फिल्टर मात्र थांबतो. घरातले चार फोन आणि एक टीव्ही जोडला तर महिनाअखेरीस हे सहज होऊ शकते. मुलांचा फोन सुरक्षित आहे असे वाटत राहते, पण अशा दिवसांत तो तसा नसतो.

याआधी काय घडले?

सर्वांत गाजलेले उदाहरण ९ जुलै २०१२ चे. ‘डीएनएस चेंजर’ या व्हायरसने जगभरातील लाखो संगणकांचे डीएनएस गुपचूप बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियातील टोळी पकडली गेली. पण तिचे सर्व्हर लगेच बंद केले असते, तर बाधित संगणकांचे इंटरनेटच गेले असते. त्यामुळे न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर बसवले गेले आणि लोकांना दुरुस्तीसाठी आठ महिने दिले. शेवटच्या दिवशीही दोन लाखांहून अधिक संगणक तसेच होते आणि भारत सर्वाधिक बाधित देशांच्या यादीत वरच होता. लोक आपला डीएनएस तपासत नाहीत, हे तेव्हाही खरे होते.

शांतता म्हणजे मृत्यू, असेही नाही. डीएनएस एन्क्रिप्ट करणारे ‘डीएनएसक्रिप्ट-प्रॉक्सी’ हे सॉफ्टवेअर डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्या निर्मात्याने सोडून दिल्याचे जाहीर झाले होते. काही आठवड्यांतच तोच माणूस ते नव्या भाषेत, नव्याने लिहून परत आला आणि ते आजही वापरात आहे. उलट मोठी कंपनी आहे म्हणून सेवा कायम राहते असेही नाही. सिस्कोच्या मालकीच्या ओपनडीएनएसने न्यायालयाच्या एका आदेशानंतर २८ जून २०२४ पासून फ्रान्समधील सेवा थांबवली. वापरकर्त्यांची काही चूक नव्हती.

सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण डीएनएसचे नाहीच. ‘पॉलीफिल’ नावाचा एक छोटा कोड एक लाखाहून अधिक संकेतस्थळे एका ठरावीक डोमेनवरून घेत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन दुसऱ्या कंपनीच्या हातात गेले आणि जूनमध्ये त्यातून घातक कोड येऊ लागल्याचे उघड झाले. कुणी कुलूप फोडले नाही. किल्लीसकट घर विकले गेले.

फोनमधल्या त्या ओळीला हे जसेच्या तसे लागू पडते. अँड्रॉइड ओळखतो ते सेवेचे नाव, तिच्यामागचा माणूस नव्हे. चालकाने सेवा सोडली, डोमेनचे पैसे भरले नाहीत आणि दुसऱ्या कुणी ते विकत घेतले, तर नव्या मालकाला त्या नावाचे वैध प्रमाणपत्र काही मिनिटांत मिळते. फोन कोणतीही तक्रार न करता आपल्या सगळ्या विचारणा त्याच्याकडे पाठवू लागतो. अशा मालकाला बँकेचे खाते थेट उघडता येणार नाही, कारण बँकेच्या पानाचे प्रमाणपत्र वेगळे असते आणि खोट्या पानावर ब्राउझर इशारा देतो. पण घरातले लोक कोणत्या वेळी कोणते दवाखाने, कोणती कर्ज देणारी ॲप, कोणती वकिली संकेतस्थळे पाहतात याची यादी त्याला आयती मिळते.

आपल्या सेवेची तपासणी कशी करायची?

घरबसल्या अर्धा तास पुरतो. आधी दोष नेमका कुणाचा ते पाहा. अँड्रॉइडचा खाजगी डीएनएस ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो. अनेक कॉलेजे, कार्यालये आणि वाळूजच्या कारखान्यांतील वाय-फायवर हा पोर्ट बंद असू शकतो. मोबाइल डेटावर सगळे सुरळीत आणि फक्त ऑफिसच्या वाय-फायवर अडत असेल, तर सेवेला दोष देण्यात अर्थ नाही.

दोष सेवेचाच वाटत असेल, तर तिच्या संकेतस्थळावर जाऊन शेवटची घोषणा कधीची आहे, बिघाडाची माहिती देणारे पान आहे का आणि त्यावर अलीकडच्या नोंदी आहेत का ते बघा. फिल्टरच्या याद्यांपुढे शेवटच्या अद्ययावतीकरणाची तारीख असते. ती आठवडाभराहून जुनी असेल तर कान टवकारायला हवेत. सपोर्टला एक साधा ईमेल पाठवा. दहा दिवसांत माणसाने लिहिलेले उत्तर आले नाही, तर अडचणीच्या वेळीही येणार नाही.

डीएनएससेकची परीक्षा घेणे सोपे आहे. ‘डीएनएससेक-फेल्ड डॉट ओआरजी’ हे मुद्दाम चुकीच्या सहीने ठेवलेले चाचणी-संकेतस्थळ इंग्रजी अक्षरांत टाइप करून उघडा. ते उघडले नाही तर चांगले. सेवा सह्या तपासते आहे. उघडले तर ती तपासत नाही.

वेगाकडेही लक्ष द्या. चांगल्या सेवांचे सर्व्हर मुंबईत असतात आणि उत्तर काही मिलिसेकंदांत येते. मुंबईचा सर्व्हर बंद पडून विचारणा युरोपात जाऊ लागली, तर प्रत्येक नावामागे शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. सेवा ‘चालू’ असते, पण प्रत्येक पान क्षणभर अडखळून उघडते. ते आठवडाभर तसेच राहिले तर तिकडे कुणी आलेखांकडे पाहत नाही, असे समजायला हरकत नाही.

मग ठेवायची की सोडायची?

हे आपण ती कशासाठी घेतली यावर ठरते. फक्त जाहिराती कमी करण्यासाठी घेतली असेल आणि बाकी सगळे ठीक असेल, तर यादी थोडी जुनी असल्याने आभाळ कोसळत नाही. पर्याय हाताशी ठेवून काही महिने थांबता येईल. मुलांच्या फोनसाठी किंवा आई-वडिलांना फसव्या लिंकपासून वाचवण्यासाठी घेतली असेल, तर देखभाल नसलेली सेवा ठेवण्यात अर्थ नाही. तिथे खोटी खात्री ही खात्री नसण्यापेक्षा वाईट. आणि गोपनीयतेसाठी घेतली असेल, तर सेवा कोण चालवते आणि तिचा खर्च कुठून येतो याचे आज उत्तर मिळत नसेल, तर निर्णय आजच घ्यावा.

मोठ्या सेवांकडे गेलो म्हणजे सुटलो, असे नाही. १४ जुलै २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या सेवेत चुकीच्या मांडणीमुळे जगभर बिघाड झाला. भारतात तेव्हा १५ जुलैची पहाट होती, साधारण ३ वाजून २२ मिनिटे. सेवा ६२ मिनिटांनी परतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्रोएशियाच्या ‘फिना’ या संस्थेने त्याच पत्त्यासाठी परवानगीशिवाय १२ प्रमाणपत्रे दिल्याचे उघड झाले. फरक हा, की दोन्ही वेळा काय चुकले हे कंपनीने तपशीलवार लिहून प्रसिद्ध केले. चुका सगळ्यांकडून होतात. चुकल्यावर सांगणारे कुणी आहे का, हे पाहायचे असते.

मोबाइल कंपनीच्या डीएनएसकडे परत जाणे हाही पर्याय आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. ते सर्व्हर जवळ असतात आणि सहसा चालतात. पण ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात, हे लक्षात असू द्या. वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र त्यातील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

बदल करण्यापूर्वी जुन्या सेवेतले स्वतः केलेले फिल्टर, परवानगी दिलेली आणि रोखलेली नावे यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. सेवेत खाते असेल तर जुन्या नोंदी पुसून मगच खाते बंद करा. फोनमध्ये ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ विभागात खाजगी डीएनएस सापडेल; सॅमसंगवर तो ‘कनेक्शन्स’मधील अधिक सेटिंगमध्ये असतो. तिथे ‘आपोआप’ निवडले तर फोन शक्य असेल तेव्हा एन्क्रिप्शन वापरतो आणि नसेल तेव्हा साध्या डीएनएसवर जातो. त्यामुळे नेट अचानक बंद पडत नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनसाठी बहुधा हेच बरे. विशिष्ट सेवा हवी असेल तर तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागते. क्लाउडफ्लेअरसाठी इंग्रजीत चार वेळा ‘वन’ आणि मध्ये टिंब, गुगलसाठी ‘डीएनएस डॉट गुगल’, क्वाड-नाइनसाठी ‘डीएनएस डॉट क्वाड-नाइन डॉट नेट’, त्यात नाइन अक्षरांत नव्हे, आकड्यात. टाइप करताना शेवटी एक जादा स्पेस पडली तरी फोन जोडणी नाकारू शकतो. आणि वायफाय राउटरमध्येही भाच्याने तीच ओळ टाकलेली असू शकते. तिथे एकदा बघून घ्या.